हिराईची जागा

सारंग आरवाडेच्या डोक्यातून सगळ्यात आधी गावांची नावं गेली. तो भूमापन खात्यात नकाशे करायचा. सांगली जिल्ह्यातला ओढा न् ओढा त्याला पाठ होता. एके सकाळी तो कामासाठी जतच्या रस्त्याला लागला आणि आपण कुठे निघालो आहोत हेच त्याला कळेना. त्याने गाडी बाजूला घेतली आणि बायकोला फोन केला.

"मी कुठे जाणार होतो गं?"

शाल्मलीला आधी ती चेष्टाच वाटली. विश्रामबागेतल्या तिच्या दवाखान्यात तेव्हा एक बाई खुर्चीत तोंड उघडून बसली होती. शाल्मली दातांची डॉक्टर. हातातलं काम तसंच ठेवून ती बाहेर आली. सारंग पुन्हा तेच विचारत होता, अगदी साध्या आवाजात. तिने असिस्टंटला दवाखाना बंद करायला सांगितलं आणि त्याला आणायला गेली.

दोघांची पन्नाशी नुकतीच उलटलेली. मूलबाळ नाही. दोघांचा संसार म्हणजे कामं, भांडणं, अधूनमधून एखादी सहल आणि पुन्हा भांडणं. फार गोड नव्हता, पण दोघांना सवयीचा झाला होता. तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश लवकर आला होता आणि वेगाने पुढे चालला होता. वर्षभरात सारंगला कपाटात शर्ट कुठे असतात ते सांगावं लागू लागलं. नंतर कधी कधी तो शाल्मलीकडे असा बघायचा, जणू समोरची बाई ओळखीची आहे, पण कुणाच्या घरची ते ध्यानात येत नाही.

मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात या आजारावर नवा उपचार सुरू झाला होता. लोक त्याला सांधणी म्हणत. तिथल्या प्रमुख डॉ. मैथिली हेरवाडकर यांनी पहिल्याच भेटीत शाल्मलीला समोर बसवून नीट समजावलं.

"आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांची एक जाळी. आपण काही आठवतो तेव्हा त्या जोडण्या थोडा वेळ सैल पडतात आणि मग पुन्हा बांधल्या जातात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच डोक्यात हे चालतं. म्हणून प्रत्येक वेळी आठवण पुन्हा नव्याने लिहिली जाते, थोडीफार बदलतेसुद्धा. या आजारात सैल पडणं चालू राहतं आणि पुन्हा बांधणं थांबतं. यांनी एखादी गोष्ट आठवायचा प्रयत्न केला की ती आणखी विरते."

"मग तुम्ही काय करता?"

"एक आठवण जागी करतो. माणसांचे आवाज, वास, जे लागेल ते वापरून. ती सैल पडली की तेवढ्याच पेशींवर ध्वनीचे फार बारीक झोत सोडतो. कानाला ऐकू न येणारे. त्याच वेळी शिरेतून औषध जातं, ते त्या जोडण्या पक्क्या करतं. एक आठवण घट्ट उभी राहिली की तिच्या आधाराने बोलणं, माणसं ओळखणं, दिवसाचं भान बऱ्यापैकी परत येतं. कायमचं नाही. वर्ष, दीड वर्ष."

"एकच आठवण?"

"एकच. हे औषध मेंदूला फार वेळा सोसत नाही. पहिल्यांदा दिलं की नंतर फार तर एकदा देता येतं. आणि जी बांधली जाते ती आजूबाजूच्यांचं खाऊन वाढते, हे आधीच सांगते. त्यामुळे कोणती बांधायची ते नीट ठरवावं लागतं. पण ते तुम्ही नाही ठरवायचं. त्यांच्या डोक्यात जी सगळ्यात दाट आहे तीच धरते."

ती शोधायला आठवडा गेला. मेंदूतली हालचाल टिपणारी टोपी डोक्यावर घालून सारंग खुर्चीत बसायचा आणि शाल्मली काचेपलीकडून पडद्यावर बघायची. लग्नातले आवाज ऐकवले. पडद्यावर थोडा उजेड आला आणि विझला. त्याच्या आईचा आवाज, हंपीची सहल, नवं घर घेतलं तो दिवस. प्रत्येक वेळी तसंच. मग जुन्या मित्रांना बोलावलं. निनाद हावळ मिरजेतच राहायचा, विजेच्या मोटारींची दुरुस्ती करायचा. तो माईकसमोर बसला आणि अवघडून म्हणाला, "सारंग, ते आठवतं का? कालांजनी पाण्यातून वर आली होती."

पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटला.

डॉ. हेरवाडकर पुढे झुकल्या. "ही कालांजनी कोण?"

शाल्मलीने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. निनाद म्हणाला, "ड्रॅगन आहे, मॅडम. आम्ही एक खेळ खेळायचो."

*

त्या रविवारी दुपारी निनाद शाल्मलीकडे आला. सोलापूरहून फर्झानाही आली. फर्झाना मुजावर तिथे वकिली करायची. लग्नात आणि नंतर एक-दोन समारंभांत शाल्मली तिला भेटली होती, एवढीच ओळख. सारंग आत झोपला होता.

"वहिनी, खेळ सोपा असतो," निनाद म्हणाला. "एक जण सूत्रधार. तो जग सांगतो, म्हणजे डोंगर, गाव, राक्षस. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कॉलेजात असताना दर रविवारी दुपारी आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचो. सूत्रधार मी."

"खाली याच्या वडिलांचं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं काम चालायचं," फर्झाना म्हणाली. "वॉर्निशचा वास जिन्याने वर यायचा. अजून कुठे तो वास आला की मला ड्रॅगनच आठवतो."

निनाद हसला आणि सांगू लागला. कालांजनी एका डोंगरी किल्ल्याच्या पोटात राहायची, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात. रंग ओल्या दगडाचा. ती तळाशी निजलेली असली की टाक्यातलं पाणी कढायचं आणि खालच्या गावाचे झरे ऊन व्हायचे. पिकं होरपळू लागली म्हणून गावाने या सगळ्यांना तिला मारायला पाठवलं. सारंगचं पात्र भैरू, वाट दाखवणारा. फर्झानाचं पात्र हिराई, तलवार चालवणारी. आणखी दोघे होते, ते आता ऑस्ट्रेलियात असतात.

"बरेच रविवार चढत होते ते तो किल्ला. शेवटी टाक्यापाशी पोचले आणि पाणी दुभंगून ती वर आली. मी सांगत होतो, तिच्या अंगावरून पाणी गळतंय आणि जमिनीला लागायच्या आत वाफ होतंय. कुणी हललं नाही खोलीत. मग लढाई. तिने शेपटीने भैरूला कातळावर आपटलं. सारंगने फासा टाकला, तो इतका वाईट पडला की भैरू जगणं शक्य नव्हतं. बाकीचे दोघे बाहेर पळाले. उरली हिराई. ड्रॅगनचा गळ्याखालचा खवला उचकटला होता. एक घाव बसला असता तर संपलं असतं. मी म्हटलं, फर्झाना, टाक फासा."

"आणि?"

"हिने तलवार खाली ठेवली. म्हणाली, मी भैरूपाशी जाऊन बसते, त्याचं डोकं मांडीवर घेते आणि हिला सांगते तो कोण आहे. मी म्हटलं, ठीक आहे, ड्रॅगन ऐकते का बघू, फासा टाक. तर म्हणाली, नाही टाकणार. ऐकायचं तर ऐकेल, नाही तर दोघांना जाळेल. यात फासा नको."

शाल्मली फर्झानाकडे वळली. "काय सांगितलंस तिला?"

 फर्झाना हळू आवाजात बोलली, पाठ असल्यासारखी. "हा काही मोठा शूर नाही. वाटेत आम्ही सगळे निजलो की हा उठतो आणि शेकोटीत लाकूड घालतो. सकाळी कुणाला सांगत नाही. आम्हाला वाटतं, शेकोटी आपोआप जळते. हा गेला तर आम्हाला थंडी वाजेल आणि का वाजतेय तेसुद्धा कळणार नाही."



"सारंगच तसा होता गं," ती म्हणाली. "हॉस्टेलवर सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवायचा. त्या वर्षी त्याचे वडील गेले होते आणि तो दोन विषयांत नापास झाला होता. बोलणंच सोडलं होतं त्याने. पुढे एकदा मला म्हणाला, त्या रविवारी मी खेळायला आलो ते शेवटचंच म्हणून आलो होतो. कुठे जाणार होतास, असं मी विचारलं. तो म्हणाला, कुठेच नाही. मी पुढे काही विचारलं नाही."

"ड्रॅगनने काय केलं?" शाल्मलीने विचारलं.

"मला काही सुचेना," निनाद म्हणाला. "नियमांत बसणारं नव्हतंच ते. शेवटी कालांजनीने मान खाली घातली आणि भैरूला लागेल न लागेल इतका ऊन श्वास सोडला. भैरूने डोळे उघडले. सारंग रडत होता. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. सारंगने यातलं एक अक्षर शाल्मलीला सांगितलं नव्हतं. आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. जुना खेळ, पोरांचा वेळ घालवायचा उद्योग, एवढंच तिला माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी शाल्मली फर्झानाला घेऊन हरिपूरला गेली. संगमावर दुपारचं कुणी नव्हतं. दोघी घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या.

"तुमच्यात काही होतं का?" शाल्मलीने सरळ विचारलं.

"नाही. असतं तर सोपं झालं असतं. लोकांना ते कळतं तरी." फर्झाना पाण्याकडे बघत म्हणाली. "मैत्री होती. त्या दिवसानंतर जरा जास्त. माझ्या नवऱ्याला, इम्तियाजला, सगळं माहीत आहे."

 शाल्मली म्हणाली, "तुझ्याकडे काही मागायचंय. ऐकून मला शिव्या दे हवं तर. सांधणी झाली की सारंगपाशी ती एक दुपार उरेल. बाकी सगळं तिच्या आधाराने, जमेल तितकं. त्या दुपारी मी नाही. मी त्याच्या आयुष्यात चार वर्षांनी आले. तो बरा होईल आणि मी त्याला ओळखू येणार नाही."

"डॉक्टर तसं म्हणाल्या?"

"येईनही म्हणाल्या. खात्री नाही म्हणाल्या." तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. "सांगणार तुम्हीच आहात, तू आणि निनाद. तुम्ही गोष्ट सांगताना हिराईच्या जागी मला बसवलंत तर? म्हणजे त्या खोलीत मी होते. फासा मी टाकला नाही. ते सगळं मी बोलले."

फर्झानाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाण्यावरून एक होडी आडवी गेली.

"आणि मी?"

"तूही असशील. त्या दुसऱ्या दोघांपैकी एक."

"पळून गेलेल्यांपैकी."

"हो," शाल्मली म्हणाली.

"घे," शेवटी फर्झाना म्हणाली. "माझा नवरा मला ओळखतो. घरी पोरं आहेत, सासू आहे. मला कुणी ना कुणी ओळखेल. तुला तेवढा एकच आहे."

दोघींनी जाऊन डॉ. हेरवाडकरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यंत्राला खरं-खोटं कळत नाही. तुम्ही सांगाल ते बांधलं जाईल. तुमचा आवाज रोजचा कानावर आहे, त्यामुळे धरेलही. पण तुम्ही आत आलात की ज्या होत्या त्या बाहेर जाणार. एका जागेवर दोघी बसत नाहीत. आणि त्या नुसत्या त्या दुपारमधून जाणार नाहीत, पूर्ण जातील. चालेल?"

"मला चालेल," फर्झाना म्हणाली.

डॉक्टरांनी शाल्मलीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

*

सांधणी आठवडाभर रोज थोडी थोडी चालली. निनादने दुकानातून वॉर्निशचा डबा आणला. त्यात बुडवलेला बोळा सारंगच्या नाकाशी धरला जायचा. निनाद ड्रॅगन पाण्यातून वर काढायचा आणि शाल्मली हिराईची वाक्यं बोलायची. ती तिला फर्झानाने शिकवली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेसुद्धा. फर्झाना बाजूला बसून पळून गेलेल्या पात्राची दोन वाक्यं म्हणायची. दर वेळी तिघांना तीच गोष्ट तशीच सांगावी लागे.

शेवटच्या दिवशी टोपी काढल्यावर सारंगने डोळे चोळले आणि शाल्मलीचा हात धरला.

"शाल्मली, तू फासा का नाही टाकलास?"

कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून तिने स्वतःचं नाव ऐकलं होतं. 

त्यानंतरचे महिने चांगले गेले. सारंग स्वतः अंघोळ करू लागला, पेपर वाचू लागला, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ड्रॅगनची गोष्ट सांगायचा. शेजारच्या मंडळींना ती पाठ झाली. गोष्ट संपली की तो शाल्मलीकडे बोट दाखवायचा. "हिने वाचवलं मला." लोक कौतुकाने बघायचे आणि शाल्मली चहा टाकायला आत जायची.

तो तिच्याशी फार प्रेमाने वागायचा. इतकं आधी कधी वागला नव्हता. तिचा कप आधी उचलायचा, ती उठली की उठायचा. बाकीचं मात्र ओसरत गेलं. हंपीची सहल गेली. नवं घर घेताना बाल्कनीवरून झालेलं भांडण गेलं. शाल्मली जेवताना मोबाइल बघते म्हणून तो चिडायचा, तेही गेलं. एकदा तिने मुद्दाम ताटाशेजारी मोबाइल ठेवला आणि बघत राहिली. तो हसून म्हणाला, "बघ की. काही महत्त्वाचं असेल."

तिला वाटलं, हा माणूस माझ्यावर प्रेम करतो, पण माझ्यासाठी नाही. फर्झानाने त्याला जे दिलं होतं, त्याची परतफेड रोज तिला मिळत होती.

दिवाळीनंतर फर्झाना भेटायला आली. शाल्मलीने दार उघडलं. सारंग बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याने मान वर केली, पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं आणि अदबीने उठला.

"या, बसा. शाल्मलीच्या ओळखीच्या का तुम्ही?"

"हो," फर्झाना म्हणाली.

"चहा घ्याल ना? तोवर तुम्हाला एक गंमत सांगतो. हिने तुम्हाला सांगितली नसेल. ही सांगत नाही कुणाला."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. किल्ला, टाकं, वाफ. फर्झाना समोर बसून ऐकत होती. मधे मधे "मग?" म्हणत होती. शाल्मली दारात उभी होती, तिला ना आत जाववत होतं ना बाहेर येववत. सारंग त्या बोलण्यापर्यंत आला.

"ही ड्रॅगनला म्हणाली, हा काही मोठा शूर नाही. आम्ही सगळे निजलो की हा उठतो आणि शेकोटीत लाकूड घालतो. सकाळी कुणाला सांगत नाही. आम्हाला वाटतं..." तो अडला. "आम्हाला वाटतं..."

"शेकोटी आपोआप जळते," फर्झाना म्हणाली.

ते तिच्या तोंडून आपसूक निघालं होतं. सारंगने चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ उघडले, हात खुर्चीच्या दांड्यावर चाचपडू लागला. "तुम्हाला... तुम्हाला कसं माहीत?" त्याचा श्वास वाढला. "तुम्ही होता का तिथे?"

फर्झानाने शाल्मलीकडे बघितलं.

"मीच सांगितलं त्यांना," शाल्मली म्हणाली.

"हां." सारंग हळूहळू मागे टेकला. "मग बरोबर."

जाताना शाल्मली तिला सोडायला खालपर्यंत गेली. रिक्षा यायची होती. फर्झाना बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत होती.

"मी चुकले," शाल्मली म्हणाली. "आणखी एकदा सांधणी करता येते. पुढच्या वेळी खरी गोष्ट सांगू. तुझी जागा तुला."

"आणि तू कुठे जाशील?" फर्झानाने विचारलं. "राहू दे. एक सांगू? परवा निनादशी फोनवर बोलत होते. तो बोलता बोलता म्हणाला, शाल्मलीवहिनींनी तलवार खाली ठेवली तेव्हा मला घाम फुटला होता. मी हसले. त्याला कळलं नाही मी कशाला हसतेय. फोन ठेवल्यावर मी स्वतः आठवून बघितलं. ती खोली दिसते, वॉर्निशचा वास येतो. पण टेबलाच्या त्या बाजूला कोण बसलंय ते कधी मी असते, कधी तू. आठवडाभर रोज तसंच सांगितलं ना आपण." रिक्षा आली. ती आत बसली. "आता मी नाही येत परत. राग नाही. पण जेवढं उरलंय तेवढं माझ्याकडे राहू दे."

*

पावसाळा संपता संपता सारंग पुन्हा घसरू लागला. दूध आणायला गेला की परत यायची वाट चुकायचा. ड्रॅगनच्या गोष्टीत भोकं पडली. डॉ. हेरवाडकर म्हणाल्या, दुसरी सांधणी करायची तर आत्ताच.

"कोणती गोष्ट?" त्यांनी विचारलं. "आधीचीच, की खरी?"

शाल्मलीने फर्झानाला फोन लावला. तिने उचलला नाही. काचेपलीकडे सारंग टोपी घालून बसला होता. ती डोक्यावर का घातली आहे हे त्याला कळत नव्हतं, तो ती काढायला बघत होता आणि नर्स त्याचे हात धरत होती. शाल्मली आत गेली. तिला बघताच तो शांत झाला.

"तू आहेस ना," तो म्हणाला. "मग ठीक आहे."

ती बाहेर आली. "आधीचीच," तिने सांगितलं.

या वेळी माणसांची गरज नव्हती, आधीचं ध्वनिमुद्रण पुरलं. काचेच्या या बाजूला बसून शाल्मलीने स्वतःचा आवाज ऐकला. त्यात फर्झानाचे श्वास होते, फर्झानाचे थांबे होते. ती आता ते वेगळे काढू शकत नव्हती.

पुढची थंडी आणि उन्हाळा तिला सारंग मिळाला, थोडा थोडा. मग एका साध्या तापाचा न्यूमोनिया झाला आणि तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला बोलता येत नव्हतं. शाल्मली जवळ बसली की तो तिच्या मांडीवर डोकं टेकवायला बघायचा. ती टेकवू द्यायची.

घरी माणसं भेटायला येत होती. खात्यातले लोक, शेजारी, तिचे रुग्ण. निनाद रोज यायचा. चौथ्या की पाचव्या दुपारी फर्झाना आली, इम्तियाजला बरोबर घेऊन, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. कुणीतरी सारंगच्या कॉलेजच्या दिवसांचं विचारलं, तेव्हा निनादने ड्रॅगनची गोष्ट काढली. आवाज खाली ठेवून त्याने ती छान सांगितली.

"...आणि मी म्हटलं, टाका फासा. तर वहिनी म्हणाल्या, नाही टाकणार. मला अजून दिसतं ते, वहिनी तिथे, खिडकीच्या बाजूला बसल्या होत्या. निळा ड्रेस होता." तो शाल्मलीकडे वळला. "हो ना, वहिनी?"

त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आडपडदा नव्हता. तो सांभाळून घेत नव्हता. त्याला खरंच तसं दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो बोलला त्या क्षणी शाल्मलीलाही खिडकी दिसली. खाली दुकानात फिरणाऱ्या लेथ यंत्राचा आवाज आला. ती त्या खोलीत आयुष्यात कधी गेली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी नव्हते तिथे. तेव्हा मी सारंगला ओळखतही नव्हते. ती फर्झाना होती. तलवार तिने ठेवली. तो जगला तो तिच्यामुळे." तिने दाराकडे पाहिलं. "सांग ना यांना, फर्झाना. तू काय बोलली होतीस ते सांग."

फर्झाना ओढणीचं टोक बोटांत धरून बसली होती. तिने आठवायचा खरोखर प्रयत्न केला. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. डोळे मिटले, काही वेळ तसेच ठेवले, मग उघडले.

"असेन मी," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर असेन."

इम्तियाजने तिच्या पाठीवर हात ठेवला. निनाद दोघींकडे आळीपाळीने बघत होता, आपलं काय चुकलं ते त्याला समजत नव्हतं.  थोड्या वेळाने खात्यातले एक गृहस्थ घसा साफ करून सारंगच्या नकाशांबद्दल बोलू लागले.